आमच्या शाखेचा सेवादिवस

माझी नात इथेच इंदूरला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. परवा म्हणाली, "आजोबा, आमच्या टीमला एक दिवस समाजसेवा करायचीय. काय करू? झाडं लावू का?" म्हटलं, आधी माझी फजिती ऐक, मग ठरव. तीच इथे लिहितोय.

साल २००८. मी शाखेचा मॅनेजर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बँकेच्या स्थापनादिनी प्रत्येक शाखेने काहीतरी सामाजिक काम करावं आणि फोटो पाठवावेत, असं वरून आलं. आम्ही १४ जण अंध मुलींच्या एका वसतिगृहात केळी आणि ब्लँकेटं घेऊन गेलो. बॅनर केळ्यांपेक्षा महाग पडला. व्हाउचर मीच पास केलं होतं म्हणून लक्षात आहे. मुली तासभर आधीपासून रांगेत बसलेल्या. आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो, वीस मिनिटं थांबलो, फोटो काढले आणि येताना पोहे-जिलबी खाऊन घरी.

पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी एकटाच गेलो. अधीक्षकबाई मराठीच. विचारलं, "ताई, यंदा काय आणू?"

"काही आणू नका साहेब. केळी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती, शेवटी गाईला घातली. आणायचेच तर खातं उघडायचे फॉर्म आणा. तुमच्याच शाखेतून आमच्या दोन मुली परत आल्यात."

मला आठवल्या त्या. मीच म्हणालो होतो, "बेटा, चेकबुक नहीं दे पाएंगे, किसी को साथ लाओ." तेव्हा वाटलं, नियमाने वागलो. पण रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक अगदी स्पष्ट होतं: अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर, सगळ्या सोयी द्यायच्या, भेदभाव करायचा नाही. या मुली आल्या त्याच्या आधीच ते माझ्या टेबलावर येऊन गेलं होतं. वाचलं म्हणून त्यावर माझी सहीसुद्धा होती!

त्या वर्षी सहाच जण नेले. बाकीचे रुसले, पण माणसं जास्त झाली की निम्मी चहा पीत उभी राहतात, हे आदल्या वर्षी बघितलं होतं.

खरं काम त्या पंधरा दिवसांतच झालं. मुली धार, झाबुआ, खरगोनकडच्या खेड्यांतल्या, त्यामुळे इथल्या पत्त्याचा पुरावा कोणाकडेच नाही. हे जर त्या दिवशी तिथे जाऊन कळलं असतं तर नुसता चहाच झाला असता. ताईंनी प्रत्येकीचं वसतिगृहाचं पत्र तयार केलं, मी रीजनल ऑफिसकडून ते चालेल असं लेखी आणलं (तीन खेपा पडल्या), फोटोवाला आदल्या दिवशी जाऊन आला.

सहीचा प्रश्न आमच्या शिपायाने सोडवला. जुन्या लेजरच्या पुठ्ठ्याला सहीएवढी खिडकी कापली. पुठ्ठा फॉर्मवर ठेवायचा, बोटाने खिडकी चाचपायची आणि आत सही करायची. अंगठा कोणालाच लावावा लागला नाही.

कॅशियर नोटा ओळखायला शिकवणार होता. शंभरावर त्रिकोण, पाचशेवर गोल, पन्नासवर चौकोन, अशी उठावाची खूण तेव्हाच्या नोटांवर असायची ना, ती. एक मुलगी हसून म्हणाली, "भैया, वो नई नोट में मिलता है, सब्ज़ीवाले की नोट में घिस जाता है." ती बोटांवर लांबी-रुंदी मोजून नोट सांगत होती. थोड्या वेळाने बघतो तर आमचा कॅशियरच डोळे मिटून शिकतोय.

संध्याकाळपर्यंत ११ खाती झाली. फोटो काढायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्यावरून रीजनल ऑफिसचं स्मरणपत्र आलं, ते फाइलला लावून टाकलं.

मी परत पाठवलेल्या दोघींपैकी एक त्या ११ जणींत होती. तिला सांगितलं, तुला नाही म्हणणारा तो मीच. म्हणाली, "पता है सर, आवाज़ तो वही है." दुसरी तोपर्यंत वसतिगृह सोडून गावी गेली होती. ताईंकडून पत्ता घेऊन तिला पत्र टाकलं, सोबत फॉर्म जोडला. उत्तर आलं नाही.

आता नात शनिवारी त्या वसतिगृहात एकटीच विचारायला जातेय. म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ?" म्हटलं, जा.