जर्मन टार्ट आणि घरी राहिलेला चष्मा



मध्यंतरी दोन महिने लेकीकडे अमेरिकेत होते, म्हणून इथे लिहिणं झालं नाही. दिवाळीच्या फराळाबद्दल लिहा असं बऱ्याच जणींनी कळवलंय, तेही लिहीन. पण त्याआधी एक चूक सांगायची आहे. चूक माझीच आहे, आणि ती मनात ठेवून लाडवांच्या पाकावर लिहायला हात होईना.

लेक राहते शिकागोच्या बाहेर, एका उपनगरात. बार्टलेटचं जैन मंदिर तिच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे माझं रविवारचं दर्शन चुकत नव्हतं. बाकीचे दिवस नातू शाळेत, लेक-जावई लॅपटॉपवर आणि मी स्वयंपाकघरात. शनिवारी मात्र सगळे मिळून आल्डीत जायचो. हे जर्मन दुकान मला फार आवडलं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण हिशेबाची खोड काही जात नाही. सामानाची गाडी हवी तर 25 सेंटचं नाणं अडकवायचं, गाडी जागेवर परत लावली की नाणं परत मिळतं. म्हणजे गाड्या गोळा करायला माणूस ठेवायला नको. माल ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात फळीवर. पिशव्या आपण न्यायच्या. एका वस्तूचे दहा ब्रँड नाहीत, बहुतेक माल दुकानाच्या स्वतःच्या नावाचा. सगळी काटकसर डोळ्यांना दिसते, म्हणूनच किंमत कमी!

जावयांनी त्याचा इतिहासही सांगितला. एसेन गावात 1913 साली अल्ब्रेख्त कुटुंबाचं छोटं किराणा दुकान सुरू झालं. पुढे दोघा मुलांनी ते वाढवलं. नाव म्हणजे ‘अल्ब्रेख्त डिस्काउंट’चंच छोटं रूप. 1960 च्या सुमारास सिगारेटी विकायच्या की नाही यावरून भावांचं पटेना, तेव्हा त्यांनी देशाची उत्तर-दक्षिण वाटणी करून दुकानं विभागून घेतली. आमच्या जयसिंगपूरच्या पेठेत असं झालं असतं तर दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

तर अशाच एका शनिवारी तिथे जर्मन पदार्थांचा आठवडा होता. गोठवलेल्या पदार्थांच्या कपाटातून नातवाने एक खोकं काढलं. वर फोटो, गोल छोटे टार्ट, मध्ये जर्दाळू आणि चेरी, वरून बदामाचे काप.

“आजी, यात बदाम आहेत. तू शिऱ्यात घालतेस तसे. हे तुझ्यासाठी.”

माझा वाचायचा चष्मा घरी राहिला होता. लेकीला विचारलं, “बघ गं, यात काही नाही ना?” तिने खोकं उलटून पाहिलं आणि म्हणाली, “जिलेटिन नाही, दारू नाही. चालेल.” मी आणखी एवढंच विचारलं की अंजीर नाही ना. अष्टमूलगुणांत मद्य, मांस, मध यांच्याबरोबर पाच उदुंबर फळंही सोडलेली असतात, ते माझ्या डोक्यात पक्कं. अंजीर नव्हतं. खोकं गाडीत पडलं.

चार वाजता जावयांनी टार्ट ओव्हनमध्ये ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून माझ्यासाठी सगळं लवकर. लोणी आणि भाजलेल्या बदामाचा असा वास सुटला की काय सांगू. खालचा पापुद्रा खुसखुशीत, वर आंबटगोड जर्दाळू आणि मध्ये बदामाचा मऊ थर. नातू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, “फार छान आहे रे.” खरंच छान होता. अर्धा खाऊन झाला आणि मनात आलं, याची कृती मैत्रिणींना द्यावी. म्हणून चष्मा लावला आणि खोकं मागवलं.

गव्हाचं पीठ, लोणी, साखर, जर्दाळू, बदाम. पुढे अंडं. आणि खाली ठळक अक्षरात परत एकदा: गहू, दूध, अंडी, बदाम.

मी बशी खाली ठेवली. तोंडातून शब्द फुटेना. लेकीने माझ्या हातातलं खोकं घेतलं, वाचलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नातू घाबरून म्हणाला, “आजी, तुला ॲलर्जी आहे? तू आजारी पडणार?” त्याच्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची आहे, म्हणून त्याला तेवढंच माहीत. त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, “नाही रे राजा, आजीला काही होत नाही. आजीने वाचायला उशीर केला, एवढंच.”

उठले, चूळ भरली, आतल्या खोलीत जाऊन नऊ वेळा णमोकार म्हणून कायोत्सर्ग केला. दुसऱ्या दिवशी एकाशन केलं आणि पंधरा दिवस गोड सोडलं. ते माझं प्रायश्चित्त, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते त्या रात्रीचं. नातू झोपल्यावर लेक माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, “आई, मी अंडं बघितलंच नाही. कारण आता मी ते बघतच नाही. ऑफिसात केक कापतात तो मी खाते. याच्या मित्रांच्या वाढदिवसाला तोही खातो. सहा वर्षं झाली. तुला सांगायचं धाडस झालं नाही.”

मैत्रिणींनो, अर्ध्या टार्टपेक्षा हे जास्त लागलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. ओठांवर आलं होतं, ‘हेच शिकवलं का तुला?’ पण तेवढ्यात दुसरा प्रश्न आला. सहा वर्षांत रोज व्हिडिओ कॉलवर मी तिला ‘जेवलीस का’ विचारलं, ‘काय करतेस बाहेर, कसं जमतं’ हे एकदाही विचारलं नाही. उत्तर नको होतं म्हणून विचारलं नाही. खोकं न वाचता खाल्लं तसंच लेकीलाही न वाचता गृहीत धरलं.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय, गाफीलपणात. लहानपणापासून ऐकलेलं. माझी आई तांब्याच्या घागरीवर दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायची, आणि फडक्यात राहिलेले जीव परत विहिरीच्या पाण्यात सोडायची. दिसत नाही म्हणून नाही असं समजायचं नाही, ही तिची शिकवण. आजचं लेबल म्हणजे ते फडकंच आहे. मी फडकं न बांधता पाणी प्यायले.

लेकीला एवढंच म्हटलं, “माझा नियम माझा आहे. तुझा तू ठरव, पण ठरवून पाळ. आणि माझ्यापासून लपवू नकोस.” ती रडली, मीही रडले. तिने अंडं सोडलं की नाही, ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण आता ती मला फोनवर सगळं सांगते.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, अमेरिकेत तशी सक्ती नाही. मात्र 2006 पासून तिथल्या कायद्याने ॲलर्जीचे मुख्य पदार्थ स्पष्ट लिहावे लागतात आणि त्यात अंडं आहे. जिलेटिन त्या यादीत नाही, म्हणून आधी सगळे घटक वाचायचे, मग शेवटची ॲलर्जीची ओळ. कोशर खूण म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात अंडं चालतं. लाल फळांच्या पदार्थांत ‘कार्माइन’ दिसलं तर तो किड्यांपासून काढलेला रंग. जर्मन पाकिटावर ‘आय’, ‘फोलआय’, ‘आयगेल्ब’ हे सगळं अंडंच. आणि चष्मा पर्समध्ये ठेवा!

गोड सोडलेले पंधरा दिवस संपल्यावर मी अंड्याशिवाय टार्ट केला. दीड कप मैदा, 100 ग्रॅम थंड लोणी आणि तीन चमचे पिठीसाखर बोटांनी चोळून, थंड पाण्याचा हात लावून गोळा केला आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला. एक कप बदामाची पूड, अर्धा कप साखर, 50 ग्रॅम मऊ लोणी, दोन चमचे मैदा आणि लागेल तसं दूध घालून सारण केलं. पोळी लाटून साच्यात बसवली, सारण पसरलं, वर जर्दाळूच्या फोडी आणि बदामाचे काप. 180 अंशांवर साधारण 35 मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत.

नातवाने दोन तुकडे खाल्ले. मी विचारलं, “कसा झालाय?”

“चांगला आहे आजी. पण तो जर्मन जास्त मऊ होता.”

खरं बोलला. मी म्हटलं, “होता खरा.” आणि त्याला तिसरा तुकडा दिला.