ठरलेलं असतं म्हणे..!

मंडळी, आजचा विषय सुपरहिरो. आणि तोही 'पार्ट टू'. लगेच नाकं मुरडू नका :)

'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात १ जून २०२३ ला आला, अमेरिकेच्या एक दिवस आधी आणि चक्क दहा भाषांमध्ये. त्यात मराठीसुद्धा होती! (मला मात्र आमच्या संभाजीनगरात सोयीच्या वेळेला हिंदीच मिळाला. असो.) तेव्हापासून तीन-चारदा पाहून झालाय आणि दर वेळी एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो. म्हणून हा प्रपंच. ज्यांनी पाहिला नाहीये त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे.

दुसऱ्या भागाची एक नेहमीची गोची असते. पहिल्यात हिरो घडतो, ती गंमत एकदाच. दुसऱ्यात मग व्हिलन मोठा, बजेट मोठं, स्फोट मोठे. इथे पहिला भाग २०१८ चा, अॅनिमेशनचं ऑस्कर मिळवलेला. त्यात ब्रुकलिनचा पोरगा मायल्स मोरालेस स्पायडरमॅन झाला. आता पुढे काय? तर या लोकांनी व्हिलनपेक्षा प्रश्न मोठा केला, आणि मला वाटतं हीच सिनेमाची सगळ्यात जमेची बाजू आहे.

प्रश्न असा. असंख्य विश्वांतल्या स्पायडरमॅन मंडळींचं एक हेडऑफिस आहे. तिथला साहेब मिगेल ओहारा. त्याचं म्हणणं, प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना घडाव्याच लागतात. त्यांना ते लोक 'कॅनन' म्हणतात. जवळचं माणूस जातं, ओळखीतला पोलीस कॅप्टन मरतो वगैरे. ते टाळलं तर अख्खं विश्व कोसळतं. आणि मायल्सचे वडील लवकरच कॅप्टन होणार असतात. म्हणजे पोराने काय करायचं? बाप मरताना गप्प बघत बसायचं. का? तर सगळ्यांनी तेच केलंय!

गंमत बघा, हा सवाल सिनेमा स्वतःच्याच जातीच्या गोष्टींना विचारतोय. सुपरहिरोच्या गोष्टी घरातल्या कुणाच्या तरी मरणावर उभ्या असतात. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ आठवा. बाप गेला की मुलाने मुखवटा चढवायचा, असं एकवीस पिढ्या! औरंगपुऱ्यात जुन्या अंकांसाठी रद्दीवाल्याशी घासाघीस करताना 'या बापांना जगता नसतं का आलं?' असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आपल्याकडच्या 'क्रिश'ने (२००६) हे वेगळ्या तऱ्हेने सोडवलं होतं. 'कोई मिल गया'चा तो पुढचा भाग. सगळे मेला समजत असलेला बाप जिवंत निघतो आणि पोरगा त्याला सोडवून आणतो. पण २०१३ च्या 'क्रिश ३' मध्ये तोच बाप मुलाला जिवंत करताना स्वतः जातो. म्हणजे कॅननने त्याला शेवटी गाठलंच म्हणायचं!

इंद्रजालवरून आठवलं. या सिनेमातलं 'मुंबॅटन' (मुंबई अधिक मॅनहॅटन) रंगवताना चित्रकारांनी त्या जुन्या इंद्रजाल अंकांचाच आधार घेतला होता. प्रत्येक विश्वाची चित्रशैली वेगळी. ग्वेनच्या जगात जलरंग, आणि ते तिच्या मूडप्रमाणे बदलतात. हॉबीचं जग कात्रणं चिकटवल्यासारखं. मुंबॅटनमध्ये गर्दी, ट्रॅफिक आणि इमारतींवर इमारती. पवित्र प्रभाकर हा तिथला स्पायडरमॅन. मूळचा २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या कॉमिकमधला. 'चाय टी' म्हणणाऱ्या मायल्सला तो असा काही झापतो की थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या.

याच मुंबॅटनमध्ये मायल्स इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो. ठरल्याप्रमाणे ते मरायला हवे होते. नंतर शहरात एक भगदाड पडायला लागतं आणि हेडऑफिसची माणसं ते आवरायला धावतात. मिगेल म्हणतो, बघा, मी सांगत होतो ना. आता माझ्यातला इंजिनिअर इथे जागा होतो. मिगेलच्या नियमाचा मुख्य पुरावा काय, तर त्याच्या स्वतःच्या बाबतीत एकदा विश्व कोसळलं होतं. एका आउटेजवरून बनवलेली पॉलिसी! अशा पॉलिस्या आपल्या ऑफिसात कमी आहेत का? कुणी कारण विचारत नाही, कारण पहिल्यापासून असंच आहे.

याला खरं उत्तर सिनेमात एका शांत सीनमध्ये मिळतं. ग्वेनचे वडीलही पोलीस कॅप्टन. म्हणजे त्यांचाही नंबर लागलेला. पण ते मुलीला सांगतात की मी ती नोकरी सोडली. बस्स. कॅप्टनच नाही, तर मरणार कोण? ना मारामारी, ना स्फोट. एका माणसाने मुलीसाठी पद सोडलं आणि 'ठरलेलं' अडकून पडलं.

हा सीन मला जरा जास्तच लागतो, त्याचं कारण सांगतो. आमच्या पिढीचं कॅनन म्हणजे रविवारी रात्री बाबा पेट्रोल पंपावरून पुण्याची ट्रॅव्हल्स. मीही सहा वर्षं तेच केलं. मग बाबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. त्याच सुमारास टीम लीडची जागा समोर आली, अट एकच, पुण्यात ऑफिसला यायचं. मी नाही म्हटलं आणि सिडकोतल्या घरातून आहे तेच काम चालू ठेवलं. "करिअरचा सत्यानाश केलास" हे काकांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांकडून ऐकून झालं. विश्व अजून कोसळलेलं नाही. भगदाड आहे का? आहे. पगाराची स्लिप बघितली की दिसतं :) पण सोमवारी सकाळी बाबांना स्कूटरवर मागे बसवून मीच नेतो.

आता उणी बाजू. पहिली म्हणजे सिनेमा अर्धाच आहे. १४० मिनिटं बसवून ऐन वेळी 'क्रमशः'! आधी नावात 'पार्ट वन' होतं, ते २०२२ मध्ये काढून टाकलं. म्हणजे प्रेक्षकाला कल्पनाच नाही. २००४ चा 'स्पायडर-मॅन २' आठवा. तोही दुसराच भाग, पण गोष्ट पुरी करून घरी पाठवायचा. दुसरी, स्पॉट नावाचा व्हिलन झकास जमलाय, पण मुंबॅटननंतर तो जवळजवळ गायबच. तिसरी, पवित्र फार थोडा वेळ दिसतो. ज्याच्या शहरात एवढं घडलं त्या पोराला काय वाटलं, हे कुणी विचारतच नाही.

चौथी पडद्यामागची आहे आणि मला तीच सगळ्यात टोचते. जून २०२३ मध्येच 'व्हल्चर'ने चार कलाकारांच्या हवाल्याने बातमी दिली की सततचे बदल आणि लांबलेले तास यांना कंटाळून सुमारे १०० कलाकार काम सोडून गेले. निर्मात्यांनी त्यावर आपली बाजू मांडली. पण रिलीजच्या आधीचे शनिवार-रविवार ज्यांनी ऑफिसात काढलेत, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. चांगलं काम व्हायचं तर कुणाला तरी भरडावंच लागतं, हेही एक कॅननच की! ज्या सिनेमाने हे नाकारायला शिकवलं, त्याच्याच स्टुडिओत ते चालू असावं, याचं वाईट वाटतं.

तिसरा भाग आधी मार्च २०२४ ला यायचा होता. मग पुढे ढकलला, आणि नंतर २०२७ जाहीर झालं. लोक वैतागले, मीही वैतागलो होतो. पण त्या जास्तीच्या वेळामुळे चार चित्रकार रात्री घरी जेवायला पोचत असतील, तर आपण थांबू की. मायल्सचे बाबा वाचले म्हणजे झालं.