घडीची विद्या

ज्याला कागदाची घडी घालता येत नाही त्याने शाळामास्तर होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. होड्या, टोप्या, आकाशकंदील! आष्टीच्या पोरांनी माझ्याकडून घेतलेली खरी विद्या ती एवढीच. पण याच विद्येने शास्त्रज्ञ कर्करोगाच्या मागे लागले आहेत, हे वाचले तेव्हा मी चष्मा पुसून तो मजकूर पुन्हा वाचला.

त्यांचा कागद म्हणजे डीएनए, पेशीपेशीतला तो पीळदार धागा. १९८२ साली अमेरिकेत नेड सीमन यांनी त्याच्याकडे वंशाची पोथी म्हणून न पाहता बांधकामाचे सामान म्हणून पाहिले. २००६ साली पॉल रोथमंड यांनी एका विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा धागा दोनशेंहून अधिक आखूड धाग्यांनी टाचून त्याचा हसरा चेहरा केला. बंगळूरला यमुना कृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असेच धाग्यांचे यंत्र जिवंत पेशीत सोडले. पेशीतला आंबटपणा बदलला की त्याचा रंग बदले.

आमच्या आळीतल्या काकू दर तीन आठवड्यांनी नगरला औषध घ्यायला जातात. भरभर वाढणाऱ्या पेशी दिसल्या की हे औषध तुटून पडते. मग त्या गाठीतल्या असोत, केसांच्या मुळांतल्या असोत की तोंडाच्या अस्तरातल्या. काकू म्हणाल्या, "गुरुजी, ह्या औषधाला घर घावत नाही का? सगळ्या आळीची दारं ठोकतंय!"

मॅट्रिकच्या पुढे माझे शास्त्र गेलेले नाही. तरी मी त्यांना २०१८ सालची हकीकत सांगितली. चिनी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी डीएनएची चटई विणली. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा; त्यांतले नव्वद लांब, साठ रुंद, एवढीच ती! तिची सुरळी करून आत रक्त गोठवणारे द्रव्य ठेवले. गाठीच्या रक्तवाहिन्यांत एक विशिष्ट प्रथिन भेटले की सुरळी उलगडते, तिथलेच रक्त गोठते आणि गाठ उपाशी मरते.

"कुणाची गाठ?" काकूंनी विचारले.

"उंदरांची."

"अन् माणसांची?"

रक्तात हे धागे कुरतडणारी द्रव्ये असतात; माणसाच्या अंगात सुरळी शाबूत पोचली पाहिजे आणि भलत्या दारी उघडता कामा नये. ती अजून दवाखान्यात आलेली नाही. हे सारे मी सांगू लागलो, पण काकूंनी मध्येच हात हलवला.

"म्हणजे सोमवारची गाडी काही चुकत नाही," असे म्हणून त्यांनी रिपोर्टांच्या पिशवीला गाठ मारली.