स्वस्थ बैस!

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची मोठी यात्रा भरते; घोड्या-गाढवांचा बाजार आणि वाघ्या-मुरळींचे खेळ यांची तेथें रेलचेल असते. गतवर्षीं अडीच वर्षांच्या नातवास मी तेथें नेलें. ‘स्वस्थ बैस!’ ही माझी चाळीस वर्षांची शाळेंतील आज्ञा त्यानें क्षणभरही जुमानली नाहीं. माझें बोट सोडवून तो गर्दींत दिसेनासा झाला, तेव्हां माझ्या पायांतलें बळच गेलें. अखेर सांपडला तो एका वाघ्याच्या दिमडीसमोर, तालावर डोलत, टाळ्या पिटीत! लहानग्यास जत्रेंत कडेवरच घ्यावें, हें शहाणपण मला आलें. परंतु वर्गांत किती मुलांचा असा डोल मी थांबविला असेन, हा विचार आतां मलाच स्वस्थ बसूं देत नाहीं.