पैनगंगेचं पाणी पुढे कुठे जातं

दोना पावला, गोवा

ती. अप्पांस,


समुद्रात जहाजं फिरवून आपल्या कनेरगाव नाक्याच्या सोयाबीनला काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडून वाहत गेलेलं पैनगंगेचं पाणी वर्धेला मिळतं, मग प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिथे ते लगेच मिसळून जात नाही. गोडं पाणी हलकं असतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरीचं पाणी आणि वरून पडणारा पाऊस मिळून खाऱ्या पाण्यावर एक पातळ थर धरतात. वाऱ्याने कितीही घुसळलं तरी खालचं गार पाणी त्यातून सहजी वर येत नाही, त्यामुळे वरचं पाणी पावसाळ्यातही बहुधा 28 अंशांच्या वरच राहतं. याच उबेवर कमी दाबाचे पट्टे पोसले जातात. त्यांतले कितीतरी ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे सरकतात आणि पावसाच्या ऐन खंडात आपल्या पिकाला जीवदान देतात. त्या थरात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा फार मोठा, आपल्या नदीचा इवलासा. पण तो आहे, अप्पा.

उपग्रहाला पाण्याची फक्त साय दिसते. खाली काय चाललंय ते कळायला तिथे जावंच लागतं. 1999 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, ‘सागर कन्या’ हे जहाज उपसागराच्या उत्तर भागात मुक्काम ठोकून होतं. समुद्र हवेला किती ऊब, किती बाष्प देतो, पावसानंतर पाणी किती गार होतं आणि पुन्हा किती लवकर तापतं, हे शास्त्रज्ञांनी जागेवर मोजलं.

आमच्या इथल्या समुद्रविज्ञान संस्थेचं पहिलं मोठं जहाज ‘गवेषणी’. गाळ वाहणारा जुना बार्ज कोलकात्याच्या गोदीत बदलून 1976 साली ते तयार झालं. 26 जानेवारी 1981 ला त्याने हिंदी महासागराच्या तळातून मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले काळे गोळे वर काढले. नाव झालं ते त्या गोळ्यांमुळे. मला विचाराल तर नुसतं पाणी मोजण्याचं काम त्याहून मोलाचं, कारण ते दरवर्षी, पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि त्याची बातमी होत नाही.

ते काम असं चालतं. गोल चौकटीत उभ्या बसवलेल्या बाटल्या, सोबत तापमान नि खारेपणा मोजणारे सेन्सर, याला आम्ही सीटीडी म्हणतो. विंचच्या तारेवरून ते खाली सोडतात. बाटल्या उघड्याच जातात, वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद करायची. डेकवर अंगाला चिकटणारा उकाडा असतो, आणि दोन हजार मीटरवरच्या बाटलीला बाहेरून दव धरलेलं. तोटी उघडली की बोटं बधिर होतात. पहिली धार प्राणवायूच्या चाचणीसाठी, तिच्यात एक बुडबुडाही शिरता कामा नये. रात्रपाळीला हेच काम माझ्याकडे असतं आणि मला ते मनापासून आवडतं.

पुढच्या महिन्यात ‘सिंधु साधना’वर जायचंय. 2014 पासूनचं, सुरतेला बांधलेलं चांगलं भक्कम जहाज आहे, आईला तसं सांगा. किनारा सुटला की मोबाईल लागत नाही, तिने काळजी करू नये. आणि पैनगंगेला पूर येऊन वाशिमचा रस्ता बंद झाला तर तारीख डायरीत लिहून ठेवा. परत आले की आमच्या खारेपणाच्या आकड्यांशेजारी ठेवून बघायची आहे.

तुमची,
ताई