उभा शब्द सात

विरार, रविवार

ती. ताईस शि. सा. नमस्कार,

भिशीच्या बायकांसाठी रचलेलं तुझं शब्दकोडं मिळालं. सोडवलं, पण उभा शब्द सात पटला नाही. 'जागे होणे (३)', उत्तर 'उठणे'. अगं, जागं होणं आणि उठणं एकच असतं तर मी नोकरीभर पहाटे तीन-तीन गजर कशाला लावले असते? जागा तर पहिल्यालाच व्हायचो.

मला छळतंय ते वेगळंच. उठणं म्हणजे सुरू होणं की संपणं? वादळ उठतं, आवई उठते, अंगावर पित्त उठतं. ही सगळी सुरुवात. पंगत उठते, बाजार उठतो, बंदी उठते. इथे कारभार आटोपला. आजारातून उठला त्याच्या घरी पेढे, आणि आयुष्यातून उठला तो कामातून गेला! विभक्ती तीच, क्रियापद तेच. कोडं यावर रचायचं, झोपेवर नव्हे.

तुझ्या कोड्यातलं 'बंड (३)' म्हणजे 'उठाव', हे १८५७मुळे शाळकरी पोरही सांगेल. आमच्या वसईचे फूलवाले पहाटेच्या लोकलनं दादरच्या बाजारात माल नेतात. त्यांना विचार. उठाव म्हणजे गिऱ्हाइकाची मागणी, आणि सण सरला की तो नसतो. ती सूचना जास्त चविष्ट झाली असती.

इंग्रजीत सूर्य, भाव, पाव आणि भरती या सगळ्यांना एक 'राइज' पुरतो. आपल्याकडे सूर्य उगवतो, भाव चढतो, पीठ फुगतं, अर्नाळ्याला भरती येते. उठत कुणीच नाही. (दूध तर थेट उतू जातं.) पण इंग्रजी गूढकोड्यांतली एक युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे. उभ्या शब्दाच्या सूचनेत 'उठणारा' असं काही आलं, की शब्द खालून वर वाचायचा. मराठीत जमतं का पाहिलं. मात्रा अक्षराला चिकटूनच फिरते, त्यामुळे रोमन अक्षरांपेक्षा पंचाईत जास्त. तरी एक साधलं: 'नदी उठली की गरीब (२)'. उत्तर खाली देत नाही, तू काढशील.

आणि हो, ज्यांना आपण 'उभे' म्हणतो त्यांना इंग्रजी कोड्यात 'डाऊन' म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलो होतो. आम्हा विरारकरांची डाऊन म्हणजे घरी आणणारी गाडी. चर्चगेटकडे जाते ती अप. मग संध्याकाळची डाऊन डोळ्यांसमोर आली, डब्यात सगळे उभेच. म्हटलं, बरोबर आहे. त्या डब्यात उठण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो कुठल्या कोशात सापडेलसं वाटत नाही. सकाळी विरारहून बसून निघालेला बोरिवलीला उठतो आणि ग्रुपमधल्या उभ्याला बसवतो. कुणी सांगावं लागत नाही. न उठणाऱ्याशी मात्र दुसऱ्या दिवशी कुणी धड बोलत नाही.

तर सात नंबर बदल. 'पंगतीला शेवट, वादळाला सुरुवात (३)' कसं वाटतं? बायका शिव्या देतील, पण मला देतील.

गुडघ्याचं काहीच लिहिलं नाहीस. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का आता?

तुझा,
धाकटा

ता. क. आडव्या अकरामध्ये 'उटणे' लिहून ठेवलंयस. दिवाळीत ते लावायला पहाटे उठावं लागतं हे खरं, पण ट आणि ठ वेगळे.