अंतराचा धूर

पुण्याच्या पेठांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना वाडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रस्त्याच्या बाजूस वाण्याचे किंवा शिंप्याचे दुकान, चौकाभोवती बिऱ्हाडे, शाळा दोन गल्ल्या टाकून. माझे वडील बुधवार पेठेतील एका छापखान्यात नोकरीस होते. ते सायकलीने जात आणि दुपारी जेवावयास घरी येत. त्या काळची हवा अगदी निर्मळ होती, असे मी म्हणणार नाही. वाड्यातील चुलींचा आणि बंबांचा धूर डोळ्यांतून पाणी काढी. परंतु नुसत्या जाण्यायेण्यासाठी धूर करावा लागत नसे. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्याचे श्रेय पुणेकरांच्या काटकसरीला देण्याची रीत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. सायकली चालत होत्या, कारण अंतरे सायकलीच्या बेताची होती.

ती अंतरे पुढे वाढत गेली. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठची कित्येक कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. पिंपरीकडे कारखाने उभे राहिले. गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीच्या शेतांत संगणक-उद्योगांची नगरी वसू लागली. काम तेथे आणि घर जेथे परवडेल तेथे! आज माझा मुलगा हिंजवडीस जातो, सून खराडीस; ही स्थळे शहराच्या दोन टोकांना. आमच्या दारात दोन वाहने उभी आहेत, ती हौसेने नव्हे.

वाहनांच्या धुरातील सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतका असतो. नाक त्याला अडवू शकत नाही. तो थेट फुप्फुसांच्या तळाशी जातो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि टेकड्यांमधल्या या शहरात सकाळचा धूर कोंडून राहतो. नेमकी तीच वेळ शाळेची. माझी नात तासभर बसमध्ये असते. दर डिसेंबरात तिला खोकला होतो. डॉक्टर औषध देतात. चौकातील वाहनांची रांग काही त्यांच्या हाती नाही.

रस्ता रुंद केला की गर्दी ओसरते, असे सांगतात. ओसरते खरी, पण थोडे दिवस. रुंद रस्त्यामुळे दूरची जमीन जवळ वाटू लागते, तेथे इमारती उठतात आणि त्यांच्या मागोमाग नवी वाहने येतात. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, याचा मला आनंदच आहे. मात्र स्थानकापर्यंत धड पदपथ नसेल, तर मनुष्य दुचाकीच काढणार.

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचनांसाठी नागरिकांना मुदत मिळते. अशा एका नकाशाची प्रत मी घरी आणली होती. पिवळा रंग निवासाचा, जांभळा कारखान्यांचा. नातीने दोरा घेऊन घरापासून शाळेपर्यंतचे अंतर मोजले आणि विचारले, "आजोबा, मधल्या एवढ्या पिवळ्या भागात एकही शाळा का नाही?"

तिचा प्रश्न मी सूचनेच्या अर्जात जसाच्या तसा उतरवला आणि मुदतीच्या आत नेऊन दिला.